एंट्रॉपी ही अवस्थेची राशी : एका संकल्पनेचे मराठी आकलन

१

इ. स. १९५९ मध्ये केंब्रिज येथे दिलेल्या रीड व्याख्यानात सी. पी. स्नो यांनी साहित्याच्या विद्वानांविषयी एक तक्रार मांडली होती. ऊष्मागतिकीचा दुसरा नियम सांगता येईल काय, असे त्यांनी सुशिक्षित मंडळींना विचारले असता उत्तर नकारार्थी मिळे. वस्तुतः शेक्सपिअरची एखादी कृती वाचली आहे काय, या प्रश्नाच्या तोडीचाच हा प्रश्न आहे, असा त्यांचा दावा होता. या दाव्यावर पुष्कळ वादंग झाले. परंतु त्यानंतरच्या काळात एक विलक्षण गोष्ट घडली. दुसऱ्या नियमाच्या केंद्रस्थानी असलेला ‘एंट्रॉपी’ हा शब्द साहित्यसमीक्षेत सर्रास वावरू लागला. टॉमस पिंचन यांची या नावाची कथा १९६० मध्ये आली. रुडॉल्फ आर्नहाइम यांनी एंट्रॉपी व कला यांच्या संबंधावरील आपला प्रबंध १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. आज मराठी वा हिंदी समीक्षेतही ऱ्हास, विघटन, अर्थाची झीज असे काही सुचवावयाचे झाल्यास हा शब्द सहज योजला जातो. शब्द आला, संकल्पना मात्र सोबत आली असे म्हणवत नाही.

प्रस्तुत लेखाचा हेतू मर्यादित आहे. रसायनशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमात एंट्रॉपीविषयी जी पहिली गोष्ट शिकविली जाते, ती म्हणजे एंट्रॉपी ही अवस्थेची राशी आहे, ही होय. हे विधान पाठ करणे सोपे आहे. समजणे अवघड आहे. ही अडचण केवळ गणिताची नसून तिचा बराचसा भाग भाषेचा आहे, आणि म्हणून भाषेच्या अभ्यासकाने तीत लक्ष घालावे, असे येथे सुचवावयाचे आहे. उदाहरणे शक्यतो दिल्लीलगतच्या गाझियाबाद परिसरातील घेतली आहेत. मराठी, हिंदी व इंग्रजी या तीन भाषांची परिभाषा तेथील मराठी विद्यार्थ्याच्या कानावर एकाच वेळी पडते, आणि त्यामुळे अडचणीचे स्वरूप तेथे विशेष स्पष्ट दिसते.

२

प्रथम शब्दांकडे पाहू. मराठीत ‘ताप’ म्हणजे ज्वर, किंवा लक्षणेने त्रास. शास्त्रीय मराठीत उष्ण-शीततेच्या मापाला आपण ‘तापमान’ म्हणतो. हिंदी पाठ्यपुस्तकांत मात्र नुसता ‘ताप’ हाच शब्द तापमानासाठी रूढ आहे आणि आपल्या ‘उष्णते’ला तेथे ‘ऊष्मा’ म्हणतात. गणितात आपण ज्याला ‘चल’ म्हणतो त्याला हिंदीत ‘चर’ म्हणतात. म्हणून आपले ‘अवस्थाचल’ ते तिकडचे ‘अवस्था चर’. एंट्रॉपी हा शब्द तेवढा तिन्ही भाषांत एकच राहिला आहे. तापमान आणि उष्णता या दोन राशी भिन्न आहेत हे शिकविताना गाझियाबादच्या वर्गातील मराठी मुलाला प्रथम ‘ताप’ या शब्दाचे तीन अर्थ वेगळे करावे लागतात. ही अडचण लहान आहे आणि थोड्या सवयीने दूर होते.

यापेक्षा खोल अडचण ‘उष्णता’ या शब्दाच्या वापरात आहे. ‘पाण्यात उष्णता आहे’, ‘अंगात उष्णता वाढली’, ‘भिंतींनी दिवसभर उष्णता साठवून ठेवली’ ही वाक्ये बोलभाषेत निर्दोष आहेत. ऊष्मागतिकीत मात्र ती सदोष ठरतात. तेथे उष्णता हे पदार्थात असलेल्या कशाचेही नाव नाही. तापमानातील फरकामुळे एका वस्तूकडून दुसरीकडे जी ऊर्जा जाते, तिला जातेवेळी दिलेले ते नाव आहे. ऊर्जा पोहोचली की उष्णता संपली. पदार्थात उरते ती आंतरिक ऊर्जा. पावसाचे पाणी तळ्यात पडल्यावर तळ्यात पाऊस किती आहे असे आपण विचारीत नाही, तसेच हे आहे.

व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर असे म्हणता येईल की, ऊष्मागतिकीतील उष्णतेला अधिकरण नाही. तिला अपादान आणि संप्रदान आहे. ती कशात ‘असत’ नाही. कशापासून तरी निघते आणि कशाला तरी दिली जाते. याउलट तापमान, दाब, आकारमान, आंतरिक ऊर्जा आणि एंट्रॉपी या राशींचा पदार्थाशी असलेला संबंध षष्ठीचा आहे. त्या पदार्थाच्या असतात. ‘या पाण्याची एंट्रॉपी इतकी’ हे वाक्य सार्थ आहे. ‘या पाण्याची उष्णता इतकी’ हे निरर्थक आहे. विभक्तीतील हा भेद ज्याने नीट ओळखला त्याने अवस्थेची राशी म्हणजे काय याचे अर्धे मर्म जाणले.

बोलभाषेला दोष देऊन मात्र चालणार नाही. एके काळी शास्त्रही असेच बोलत असे. अठराव्या शतकात उष्णता हे एक अदृश्य, वजनरहित द्रव्य मानले जाई. सादी कार्नो यांनी १८२४ मध्ये वाफेच्या यंत्रांविषयीचा आपला युगप्रवर्तक निबंध लिहिला तोही याच गृहीतावर. पुढे ते गृहीत कोसळले, पण त्याने घडविलेले शब्द मागे राहिले. आपण ‘उष्माधारकता’ म्हणतो तेव्हा पदार्थ उष्मा ‘धारण’ करतो असे ध्वनित होते. ‘अप्रकट उष्मा’ म्हणतो तेव्हा तो पदार्थात कोठेतरी लपून बसला आहे असे वाटते. मोडलेल्या सिद्धांताचे अवशेष परिभाषेत असे जिवंत राहतात. ते काढून टाकणे आता शक्य नाही. ते अवशेष आहेत एवढे विद्यार्थ्याला सांगणे शक्य आहे.

३

अवस्था आणि मार्ग यांतील भेद एका परिचित उदाहरणाने स्पष्ट होईल. साताऱ्याहून महाबळेश्वरास जाण्याचे दोन रस्ते आहेत. एक वाईवरून पसरणी घाट चढून पाचगणीमार्गे जातो. दुसरा मेढ्यावरून केळघरच्या घाटाने जातो. दोन्ही रस्त्यांची लांबी वेगळी, वळणे वेगळी, लागणारे इंधन वेगळे. परंतु सातारा व महाबळेश्वर यांच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीतील फरक प्रवाशाने कोणता रस्ता धरला यावर अवलंबून नाही. उंची ही स्थानाची राशी आहे. कापलेले अंतर ही प्रवासाची राशी आहे. महाबळेश्वरची उंची नकाशावर छापता येते. ‘महाबळेश्वरचे अंतर’ मात्र कोठून व कोणत्या रस्त्याने हे सांगितल्यावाचून छापता येत नाही.

पदार्थाची अवस्था म्हणजे त्याचे ‘स्थान’ होय. पदार्थ कोणता, किती, कोणत्या तापमानाला व कोणत्या दाबाखाली, घन की द्रव की वायू, एवढे सांगितले की साध्या पदार्थाची समतोल अवस्था निश्चित होते. जी राशी या माहितीवरून एकमेव ठरते ती अवस्थाचल किंवा अवस्थाफलन. पदार्थ त्या अवस्थेला कसा आला, पूर्वी त्याचे काय झाले, हे विचारण्याची तेथे गरज नाही. अवस्थेला इतिहास नसतो.

येथे ‘फलन’ या संज्ञेतील ‘फल’ शब्दाकडे भारतीय वाचकाचे लक्ष जाणे साहजिक आहे. आपल्या परंपरेत फल हे कर्माचे असते. जसे केले तसे भरले. ऊष्मागतिकीत कर्मावर अवलंबून राहणाऱ्या राशी दोन : उष्णता आणि कार्य. जसा मार्ग तसे त्यांचे मूल्य. अवस्थाफलन हे मात्र कर्मनिरपेक्ष फल आहे. कोणत्याही मार्गाने या, त्या अवस्थेला पोहोचलात की तेच मूल्य पदरी पडेल. संज्ञेचा हा सांस्कृतिक ध्वनी विद्यार्थ्याच्या मनात उलट दिशेने काम करण्याचा संभव आहे, हे शिक्षकाने ध्यानात ठेवलेले बरे.

४

उष्णता मार्गावर अवलंबून असते, मग तिच्यापासून काढलेली एंट्रॉपी मार्गनिरपेक्ष कशी? विद्यार्थी येथेच अडखळतो, आणि त्याची शंका रास्त आहे. या शंकेचे उत्तर रुडॉल्फ क्लाउझिउस यांनी १८५० ते १८६५ या काळात क्रमाक्रमाने शोधून काढले.

एक आदर्श यंत्र कल्पू. ते ६०० केल्विन तापमानाच्या उगमाकडून ६०० किलोज्यूल उष्णता घेते, ३०० केल्विन तापमानाच्या थंड साठ्याला ३०० किलोज्यूल देते, आणि उरलेल्या ३०० किलोज्यूल ऊर्जेचे कार्य करते. हे करून यंत्रातील वाफ पुन्हा मूळ अवस्थेला येते. आता हिशेब मांडू. घेतलेली उष्णता अधिक, दिलेली उणे मानली तर चक्राच्या अखेरीस बेरीज ३०० किलोज्यूल येते, शून्य नव्हे. मूळ अवस्थेला परत येऊनही ज्या राशीची बेरीज शून्य होत नाही ती अवस्थेची राशी असू शकत नाही. हीच उष्णतेची परीक्षा, आणि तीत ती नापास होते.

परंतु प्रत्येक उष्णतेला ती ज्या केवल तापमानाला दिली-घेतली गेली त्या तापमानाने भागले, तर काय दिसते? ६०० भागिले ६०० म्हणजे अधिक १. ३०० भागिले ३०० म्हणजे उणे १. बेरीज शून्य! क्लाउझिउस यांनी दाखविले की, हा योगायोग नसून जी प्रक्रिया दोन्ही दिशांनी चालविता येते, म्हणजे जी व्युत्क्रमी आहे, अशा कोणत्याही चक्राला हे लागू पडते. यावरून पुढचे पाऊल तर्कानेच पडते. समजा, ‘क’ अवस्थेपासून ‘ख’ अवस्थेला जाणारे दोन व्युत्क्रमी मार्ग आहेत आणि या भागाकारांची बेरीज दोन मार्गांवर वेगवेगळी येते. मग एका मार्गाने जाऊन दुसऱ्याने परतल्यास संपूर्ण चक्राची बेरीज शून्य येणार नाही, आणि हे तर अशक्य ठरले आहे. म्हणून दोन्ही मार्गांवरील बेरीज सारखीच असली पाहिजे. म्हणजेच अशी काही राशी आहे की जिच्या ‘ख’ व ‘क’ येथील मूल्यांतील फरक ही बेरीज देते. या राशीला क्लाउझिउस यांनी १८६५ मध्ये एंट्रॉपी हे नाव दिले. मार्गावर अवलंबून असलेल्या राशीला केवल तापमानाचा भाजक लावताच तिची अवस्थेची राशी व्हावी, हा या शास्त्रातील सर्वांत सुंदर शोधांपैकी एक होय.

आता यंत्र आदर्श नाही असे धरू. प्रत्यक्षात तसे ते कधीच नसते. गाझियाबादजवळ दादरी येथे राष्ट्रीय ताप विद्युत निगमचे मोठे केंद्र आहे. ही भूमी १९९७ पर्यंत गाझियाबाद जिल्ह्यात मोडत असे. आज ती गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात आहे. तेथे २१० मेगावॉटचे चार व ४९० मेगावॉटचे दोन कोळशावरील संच उभारण्यात आले. अशा केंद्रात बाष्पित्रातील पाण्याची वाफ होते, ती झोतयंत्र फिरविते, संघनित्रात पुन्हा पाणी होते आणि बाष्पित्रात परत जाते. तेच पाणी पुनःपुन्हा फिरते. आपल्या सोप्या आकड्यांतच बोलावयाचे तर खरे यंत्र ६०० किलोज्यूल घेऊन थंड साठ्याला ३०० ऐवजी ४०० किलोज्यूल देईल आणि २०० चेच कार्य करील. भागाकारांची बेरीज आता १ उणे १.३३, म्हणजे उणे ०.३३ येते.

याचा अर्थ पाण्याची एंट्रॉपी चक्राअखेर घटली असा घ्यावयाचा काय? मुळीच नाही. पाणी मूळ अवस्थेला आले आहे. त्याच्या एंट्रॉपीतील बदल शून्यच आहे, यंत्र आदर्श असो वा नसो. बदल झाला तो परिसरात. उष्ण उगमाची एंट्रॉपी १ किलोज्यूल प्रतिकेल्विनने कमी झाली, थंड साठ्याची १.३३ ने वाढली. एकूण वाढ ०.३३. यंत्राचा सदोषपणा पाण्याच्या अवस्थेत नोंदला जात नाही; तो जगाच्या खात्यावर जमा होतो. हा भेद ज्याला उमगला नाही तो ‘एंट्रॉपी अवस्थेची राशी आहे’ आणि ‘एंट्रॉपी नेहमी वाढते’ या दोन विधानांत विरोध पाहतो. पहिले विधान एकेका पदार्थाविषयी आहे. दुसरे पदार्थ व त्याचा सर्व परिसर यांच्या बेरजेविषयी आहे.

५

हीच गोष्ट घरगुती उदाहरणाने अधिक स्पष्ट होते. मे-जूनमध्ये गाझियाबादचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. अशा दिवशी शून्य अंशाच्या बर्फाचा एक किलोग्रॅमचा तुकडा उघड्यावर ठेवला आणि तो वितळून शून्य अंशाचे पाणी झाले. यासाठी बर्फाने सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता घेतली. बर्फाची एंट्रॉपी कितीने वाढली?

नवशिका विद्यार्थी येथे विचारतो : भागावयाचे कोणत्या तापमानाने, हवेच्या ३१३ केल्विनने की बर्फाच्या २७३ केल्विनने? प्रश्न बर्फाच्या अवस्थेविषयी आहे, तेव्हा बर्फाच्या अवस्थेकडेच पाहिले पाहिजे. बर्फ आरंभापासून अखेरपर्यंत २७३ केल्विनलाच होता. म्हणून त्याच्या एंट्रॉपीतील वाढ सुमारे १२२३ ज्यूल प्रतिकेल्विन. हवेने तेवढीच उष्णता ३१३ केल्विनला गमावली. तिची एंट्रॉपी सुमारे १०६७ ने घटली. एकूण वाढ १५६ ज्यूल प्रतिकेल्विन.

आता हाच बर्फ शून्याहून केवळ किंचित उष्ण अशा खोलीत अतिशय सावकाश वितळला असे समजू. बर्फाच्या एंट्रॉपीतील वाढ तीच, १२२३. खोलीची घट मात्र आता जवळजवळ १२२३ इतकी, आणि एकूण वाढ जवळजवळ शून्य. वितळण्याची रीत बदलली तसा परिसराचा हिशेब बदलला. बर्फाचा बदलला नाही. कारण आरंभी बर्फ होता आणि अखेरीस पाणी होते, दोन्ही वेळा त्याच अवस्थांत.

ते पाणी शीतकपाटात ठेवून पुन्हा गोठविले तर त्याची एंट्रॉपी १२२३ ने कमी होते. ज्यांनी ‘एंट्रॉपी नेहमी वाढते’ एवढेच ऐकले आहे त्यांना हे चमत्कारिक वाटेल. तथापि त्यात नियमभंग नाही. शीतकपाट मागील बाजूने खोलीत जी उष्णता टाकते तिच्यामुळे खोलीची एंट्रॉपी त्याहून अधिक वाढते. खोली ४० अंशांवर असताना हे काम किमान किती विजेत होईल हेही काढता येते. ते सुमारे ४९ किलोज्यूल येते, आणि हा आकडा १५६ गुणिले ३१३ एवढाच आहे. उन्हात बर्फ वितळू दिला तेव्हा जी कार्यक्षमता आपण निष्कारण गमावली तिचे हे मोल होय. खऱ्या शीतकपाटाला याहून बरीच अधिक वीज लागते. बर्फ पुन्हा बर्फ झाला, त्याची एंट्रॉपी पै न् पै मूळपदावर आली. विजेच्या मीटरचा आकडा मात्र मागे फिरला नाही. पहिली अवस्थेची राशी, दुसरी मार्गाची.

६

बर्फाच्या उदाहरणात प्रत्यक्ष उष्णतेला तापमानाने भागून काम झाले. ते नेहमी होत नाही, आणि तेथे अवस्थेच्या कल्पनेचे खरे सामर्थ्य दिसते. एक मोल आदर्श वायू ३०० केल्विनला एका कोठीत आहे; शेजारची तेवढीच कोठी निर्वात आहे. मधला पडदा काढला. वायू दोन्ही कोठ्या व्यापतो. बाहेरून उष्णता आली नाही, कार्य झाले नाही, तापमान बदलले नाही. उष्णता शून्य, तिला तापमानाने भागले तर शून्य. मग एंट्रॉपीतील बदल शून्य म्हणावयाचा काय? असे उत्तर अनेक उत्तरपत्रिकांत सापडते, आणि ते चूक आहे.

क्लाउझिउस यांची व्याख्या व्युत्क्रमी मार्गावरील उष्णतेची आहे, घडलेल्या प्रक्रियेतील उष्णतेची नाही. पडदा काढल्यावर झालेले प्रसरण व्युत्क्रमी नव्हते. म्हणून आपण आरंभीची व अखेरची अवस्था तेवढी लक्षात घ्यावयाची आणि त्यांना जोडणारा दुसरा, सोयीचा, व्युत्क्रमी मार्ग कल्पावयाचा. वायूला दट्ट्याखाली ३०० केल्विनलाच हळूहळू पसरू दिले तर त्याला सुमारे १७२९ ज्यूल उष्णता घ्यावी लागते; तिला ३०० ने भागून ५.७६ ज्यूल प्रतिकेल्विन मिळतात. अवस्था त्याच असल्यामुळे पहिल्या प्रसरणातही वायूच्या एंट्रॉपीची वाढ हीच, ५.७६. दोहोंतील फरक पुन्हा परिसरातच आहे. दुसऱ्या मार्गात परिसराची एंट्रॉपी ५.७६ ने घटते आणि एकूण बदल शून्य होतो. पहिल्यात परिसर अलिप्त राहतो आणि एकूण वाढ ५.७६ होते.

जो मार्ग घडलाच नाही त्यावरून, घडलेल्या मार्गाविषयी खरे उत्तर काढावयाचे, ही पद्धत प्रथमदर्शनी लबाडीची वाटते. तिला समर्थन आहे ते एवढेच की, एंट्रॉपी ही अवस्थेची आहे. हा आधार काढून घेतला तर रसायनशास्त्रातील जवळजवळ कोणतीही एंट्रॉपी मोजता येणार नाही, कारण प्रयोगशाळेतील बहुतेक प्रक्रिया व्युत्क्रमी नसतात.

रसायनशास्त्राच्या ग्रंथांच्या शेवटी असलेली कोष्टके हा याच गोष्टीचा पुरावा आहे. २५ अंश सेल्सिअसला एक मोल पाण्याची प्रमाण एंट्रॉपी ६९.९ ज्यूल प्रतिकेल्विन, हिऱ्याची सुमारे २.४, ग्रॅफाइटची ५.७, असे आकडे तेथे छापलेले असतात. कोणाच्या प्रयोगशाळेतील पाणी, कसे तयार केलेले, हे कोष्टक विचारीत नाही. हायड्रोजन जाळून पाणी केले काय किंवा इंधन-घटात त्यापासून वीज काढीत पाणी केले काय, एका मोलमागे घटकांच्या एंट्रॉपीतील बदल उणे १६३ हाच. जाळताना मात्र परिसराला सुमारे २८६ किलोज्यूल उष्णता मिळते आणि आदर्श घटात सुमारे ४९ च. उष्णतेचे असे मार्गनिरपेक्ष कोष्टक कोणी छापू शकत नाही. हेस यांच्या नियमानुसार स्थिर दाबाखाली जी अभिक्रिया-उष्णता छापली जाते ती वस्तुतः एन्थाल्पी या दुसऱ्या अवस्थाफलनातील फरक असते, एवढे येथे सांगणे पुरे.

७

आता साहित्याच्या प्रांतातील रूढ अर्थाकडे वळू. एंट्रॉपी म्हणजे अव्यवस्था, असे समीकरण सर्वत्र ऐकू येते. त्याचे मूळ लुडविग बोल्ट्झमन यांच्या १८७७ च्या कार्यात आहे. पदार्थाची बाहेरून दिसणारी अवस्था एकच असली तरी आतील रेणूंच्या रचना असंख्य असू शकतात. अशा रचनांची संख्या जितकी मोठी तितकी एंट्रॉपी मोठी. या संख्येच्या लॉगरिथमशी ती प्रमाणात असते. व्हिएन्ना येथील बोल्ट्झमन यांच्या समाधीवर हे सूत्र कोरलेले आहे. पडदा काढल्यावर वायूच्या प्रत्येक रेणूला दुप्पट जागा मिळाली, रचनांची संख्या प्रचंड वाढली, आणि ५.७६ हाच आकडा या वाटेनेही मिळतो. ही संख्यासुद्धा अवस्थेवरूनच ठरते, हे विसरता कामा नये.

‘अव्यवस्था’ हा या संख्येचा काव्यमय अनुवाद आहे. काही ठिकाणी तो शोभतो. बर्फाच्या स्फटिकापेक्षा पाणी अव्यवस्थित आहे असे म्हणण्यात गैर नाही. परंतु अव्यवस्था ही पाहणाऱ्याच्या अपेक्षेवर अवलंबून असते. पसरलेल्या पुस्तकांची खोली मालकाला व्यवस्थित आणि पाहुण्याला अस्ताव्यस्त वाटू शकते. एंट्रॉपीचे तसे नाही. ती ज्यूल प्रतिकेल्विनमध्ये मोजली जाते आणि मालकाला व पाहुण्याला एकच येते.

समीक्षेतील वापरात याहून गंभीर घोटाळा होतो तो कारकाचा. ‘एंट्रॉपी संस्कृतीला गिळते’, ‘एंट्रॉपी भाषेला विघटित करते’ अशी वाक्ये लिहिली जातात. येथे एंट्रॉपीला कर्तृपद दिलेले आहे. ती जणू काळासारखी एखादी शक्ती, ऱ्हासाची अधिदेवता. शास्त्रातील एंट्रॉपी काहीही करीत नाही. उंची ज्याप्रमाणे दगडाला खाली ढकलीत नाही, त्याप्रमाणे एंट्रॉपी कशाचे विघटन घडवून आणीत नाही. ती अवस्थेचे एक वर्णन आहे. दोन अवस्थांची एंट्रॉपी ठाऊक असली, आणि परिसराचाही हिशेब घेतला, तर एकीकडून दुसरीकडे आपोआप जाणे शक्य आहे की नाही हे सांगता येते. किती वेळात, कोणत्या वाटेने, हे ती सांगत नाही. हिऱ्याचे ग्रॅफाइट होणे सामान्य परिस्थितीत ऊष्मागतिकीला संमत आहे. पण अंगठीतील हिरा पिढ्यान्‌पिढ्या हिराच राहतो.

साहित्यिकाने हा शब्द रूपक म्हणून वापरू नये, असे म्हणण्याचा येथे उद्देश नाही. रूपकाला मूळ अर्थाचे बंधन पाळावेच लागते असे नाही. परंतु समीक्षा जेव्हा शास्त्राचा आधार घेत असल्याचे सांगते, तेव्हा तिने निदान दोन प्रश्न स्वतःला विचारावेत : आपण ज्याची एंट्रॉपी म्हणत आहोत त्याची ‘अवस्था’ कशाने निश्चित होते, आणि त्याचा ‘परिसर’ कोणता? या दोन प्रश्नांना उत्तर नसेल तर ‘ऱ्हास’ हा आपला जुना शब्द अधिक प्रामाणिक आहे. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये संदेशांच्या अनिश्चिततेसाठी जी राशी मांडली तिला या प्रश्नांची उत्तरे आहेत. संदेशांच्या संभाव्यता दिल्या की ती राशी निश्चित होते. म्हणूनच ती शास्त्रात टिकली.

८

शेवटी नावाविषयी. क्लाउझिउस यांनी ‘एंट्रॉपी’ हा शब्द परिवर्तन या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून मुद्दाम घडविला. ‘एनर्जी’ या शब्दाशी त्याचे ध्वनिसाम्य राहावे ही एक इच्छा होती. दुसरे कारण अधिक लक्षणीय आहे : महत्त्वाच्या शास्त्रीय राशींची नावे प्राचीन भाषांतून घ्यावीत, म्हणजे सर्व जिवंत भाषांत ती एकरूप राहतील, असा त्यांचा विचार होता. आपल्याकडे हाच विचार संस्कृतच्या बाबतीत झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडक यांच्यासारख्यांनी मराठीत शास्त्रीय ग्रंथ लिहिले, तेव्हापासून परिभाषेसाठी मराठीने संस्कृतचाच आश्रय मुख्यत्वे घेतला. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाचे धोरणही साधारणतः असेच की, सर्व भारतीय भाषांना चालतील असे संस्कृतोद्भव शब्द घडवावेत आणि आंतरराष्ट्रीय शब्द तसेच ठेवावेत. एंट्रॉपी दुसऱ्या वर्गात राहिली, हे इष्टच झाले. ‘अव्यवस्था’ किंवा ‘ऱ्हास’ या धातूंवरून तिला देशी नाव दिले असते, तर रूपकाचा घोटाळा शब्दातच कायमचा गोठला असता. अर्थशून्य वाटणारा परका शब्द येथे अधिक निर्मळ ठरतो. त्याचा अर्थ व्याख्येनेच भरावा लागतो.

परंतु शब्द परका ठेवला म्हणून वाक्यही परके ठेवण्याचे कारण नाही. मराठीत हा विषय लिहिणाऱ्यांनी तीन गोष्टी पाळल्या तर बराच गोंधळ टळेल, असे वाटते. एक : उष्णतेसाठी ‘दिली’, ‘घेतली’, ‘गेली’ अशी क्रियापदे योजावीत, ‘आहे’ व ‘साठली’ ही टाळावीत. दोन : एंट्रॉपीसाठी षष्ठी वापरावी आणि ती कोणाची, पदार्थाची की परिसराची की दोहोंची मिळून, हे प्रत्येक वाक्यात स्पष्ट करावे. तीन : ‘एंट्रॉपी वाढते’ हे वाक्य कधीही एकटे लिहू नये, कोणत्या अवस्थेपासून कोणत्या अवस्थेपर्यंत, आणि बाहेरच्या जगाशी देवघेव चालू असताना की बंद असताना, हे त्याला जोडावे.

यांत नवी परिभाषा काहीच नाही. मराठीचे विभक्तिप्रत्यय आणि क्रियापदे पुरेशी समर्थ आहेत. ती काळजीपूर्वक वापरावयाची एवढेच. मातृभाषेतून शास्त्र शिकविता येते की नाही, हा वाद आपण बहुधा संज्ञांच्या याद्यांवर लढतो. एंट्रॉपीचे उदाहरण असे सुचविते की, त्याचा निर्णय संज्ञांपेक्षा वाक्यांत लागणार आहे. गाझियाबादेतील मराठी विद्यार्थ्याला ‘अवस्थाचल’ म्हटले, ‘अवस्था चर’ म्हटले किंवा त्याचे इंग्रजी नाव सांगितले, तरी बर्फाची एंट्रॉपी ही बर्फाची, आणि उष्णता ही देवघेवीची, हे त्याला ज्या वाक्याने कळेल ते वाक्य लिहून देणे हे शास्त्राच्या शिक्षकाइतकेच भाषेच्या अभ्यासकाचेही काम आहे.